बंदी नको, वार ठरवा

आईबाबांनो, मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल बोलायला बसलं की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच: ‘‘मग गोड, तळलेलं, बाहेरचं सगळं बंदच करून टाकू का?’’ विचारणारी आई दमलेली असते. साखर म्हणजे विष असं ओरडून सांगणारे व्हिडिओ तिने पाहिलेले असतात. घरात सासूबाई म्हणत असतात, ‘‘एवढंसं लेकरू ते, खाऊ दे की गं.’’ आणि लेकरू संध्याकाळी वेफर्ससाठी जमिनीवर लोळत असतं. तिला हो किंवा नाही, एवढंच ऐकायचं असतं. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. बंद करू नका. गोडाधोडाला, चमचमीताला घरात मानाची जागा द्या, फक्त ती रोजची नको. हे जमवायचं कसं, त्याबद्दल तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

आधी एक हिशेब मांडू या. वाढदिवसाचा केक, लग्नातली जिलबी, जत्रेतली गोडीशेव यांची आपण फार धास्ती घेतो. खरी साखर मात्र भलत्याच वाटेने घरात येत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांच्या रसातली साखर यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगलं. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २० ग्रॅम, चहाचे चार-पाच सपाट चमचे.

आता अगदी साध्या, शहाण्या घरातला एक दिवस घ्या. सकाळी दूध, त्यात चमचाभर साखर आणि दोन मोठे चमचे चॉकलेटी पावडर. अशा काही पावडरींमध्ये १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलंही असतं. म्हणजे त्या एका पेल्यात दहा-बारा ग्रॅम गेले. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. या बिस्किटांत वजनाचा जवळपास पाव हिस्सा साखरच असते, तेव्हा आणखी पाच ग्रॅम. डब्यात घाईघाईने जॅम लावलेली पोळी: एका मोठ्या चमच्यात सुमारे दहा ग्रॅम. संध्याकाळी पराठ्याबरोबर टोमॅटो केचप: चमचाभरात चारेक ग्रॅम. बेरीज तिशीच्या घरात गेली, आणि यातलं काहीही तुम्ही लाड म्हणून दिलेलं नव्हतं. मुलाला त्यात मजाही आली नाही. ते नेहमीचं खाणं म्हणून पोटात गेलं.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं, की दुधात घालायच्या अशा चॉकलेटी पावडरींसारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढून टाका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. वर्षानुवर्षं आपण ती मुलांची उंची वाढावी म्हणून मोठ्या श्रद्धेने देत आलो. त्यात तुमचा दोष नाही, जाहिरातीच तशा होत्या. आता ठाऊक झालंय तर पावडर एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडी कमी करत न्या. वेलची, जायफळाची चिमूट, थोडी हळद घालून पाहा. आणि दूध मुळीच आवडत नसेल तर त्यावरून रोज सकाळी रडारड कशाला? दही, ताक आणि नाचणी आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तिची आंबील करा, भाकरी करा, सत्त्व करा.

रोजच्या खाण्यातली ही नकळतची साखर निघाली की मग आवडीच्या पदार्थासाठी जागा होते. म्हणून सुरुवात इथून करायची. केकवर बंदी घालून नाही.

बंदीचं काय होतं हे अमेरिकेत लीन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवर पाहिलं. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच आवडीचे पदार्थ मुलांसमोर होते. एक हवा तेवढा घेता येत होता. दुसरा डोळ्यांसमोर असूनही त्याला थोडाच वेळ हात लावायची परवानगी होती. मुलांचं सारं लक्ष, सारं बोलणं त्या अडवलेल्या पदार्थाभोवती फिरू लागलं, आणि तो हाती आला तेव्हा त्यांनी तो जास्त घेतला. पदार्थ साधासुधाच होता, अडवल्यामुळे तो मोठा झाला.

आपल्या घरात हे रोज घडतं. फडताळाच्या वरच्या फळीवर चकलीचा डबा आहे, मुलाला तो दिसतो आहे, आणि आपण दिवसातून चारदा म्हणतो, ‘‘आत्ता नाही.’’ यासारखी वाईट मांडणी दुसरी नाही. पदार्थ घरात असेल तर तो खाण्यासाठी असावा, आणि खायचा नसेल तर तो घरातच नसावा. किराण्याच्या यादीतून वेफर्स, क्रीमची बिस्किटं, थंड पेयं काढणं एका क्षणाचं काम आहे. ती आणून मग रोज पहारा देणं हा तुमच्या आणि मुलाच्या नात्यावर पडणारा ताण आहे. ‘‘संपलंय, शनिवारी आणू’’ हे मूल पटकन मानतं. ‘‘आहे, पण देणार नाही’’ हे त्याला कळत नाही. खरं तर मोठ्यांनाही ते कळत नाही.

बंदीइतकीच घातक गोष्ट म्हणजे लालूच. ‘‘भाजी संपव, मग चॉकलेट देते.’’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. बर्च यांनीच १९८४ मध्ये दाखवलं होतं, की बक्षिसाच्या आशेने एखादी गोष्ट प्यायला लावली की पुढे मुलांना ती आधीपेक्षा कमी आवडते. मुलाच्या बाजूने विचार करा. जी वस्तू गिळण्याबद्दल बक्षीस मिळतं ती नक्कीच वाईट असणार, असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं? दोडक्याची भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे सुटका, हे आपणच त्याला शिकवतो. जेवणात गोड असेल त्या दिवशी ते बाकीच्या पदार्थांबरोबरच वाढा. श्रीखंड पानात आधी पडलं आणि मुलाने आधी खाल्लं तर खाऊ दे. लग्नाच्या पंगतीत आपणही तसंच खातो.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी आईबाप आणि मूल यांच्यातली कामाची एक वाटणी सुचवली, ती मला फार मोलाची वाटते. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ‘‘आज काय करू रे तुला?’’ असं आपण चार वर्षांच्या मुलाला विचारतो आणि मग त्याने किती खावं यासाठी ताट घेऊन त्याच्या मागे पळतो. चिऊचा घास, काऊचा घास हे दीड वर्षाच्या बाळासाठी गोड आहे, आजीच्या मांडीवर तर फारच. सहा वर्षांच्या मुलाला मोबाइल दाखवून भरवत राहिलं तर मात्र पोट भरल्याची आतली खूण त्याला ओळखताच येत नाही. पुढे ‘प्रमाणात खा’ असं तुम्ही कितीही सांगा, ते प्रमाण त्याने कुठून आणायचं? पानात थोडं टाकलं, अर्ध्यावर उठला, तर त्या वेळेपुरतं सोडून द्या. दोन-तीन तासांनी पुढचं खाणं आहेच. नवी भाजी मुलाला आवडायला ती दहा-पंधरा वेळा पानात यावी लागू शकते. ‘एकदा केली होती, नाही आवडली’ एवढ्यावर गवार किंवा कारलं बाद करू नका. पानाच्या कडेला दोन तुकडे वाढत राहा आणि त्याबद्दल काहीही बोलू नका.

आणि हे प्रमाण आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही, ते आपल्या पानातच मांडलेलं आहे. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भात, त्यावर वरण, पोळी. डावीकडचं कोशिंबीर सोडून बोटाने घ्यायचं. तिखट, खारट, आंबट, तेलकट यांना आपल्या पूर्वजांनी हाकलून दिलं नाही. त्यांना डावीकडे बसवलं आणि चवीपुरतं वाढलं. मला वाटतं, वेफर्स, शेव, फरसाण, पापड या साऱ्यांना आपण तिथेच बसवावं. मुलाला शेव हवी आहे? दहीभातावर चिमूटभर घाला. फरसाण हवंय? मटकीच्या उसळीवर घाला, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. पाकिटातून नाही, पानातून. पाकीट हातात आलं की त्याचा तळ लागेपर्यंत हात थांबत नाही, मुलाचाही नाही आणि आपलाही नाही. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि मुलांसाठी त्याहून कमी. फरसाणाचं पाकीट एका बैठकीत संपलं तर यातला मोठा वाटा तिथेच उडतो.

आता ‘शनिवारी आणू’ म्हटलं त्या शनिवारबद्दल. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट शनिवारी देण्याची रीत आहे. तिच्यामागचा इतिहास सुखाचा नाही. १९४०च्या दशकात लुंड शहरातल्या विपेहोल्म या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयात, संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन दातांवर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि धजूही नये. त्या माणसांनी दात गमावून जगाला एक गोष्ट शिकवली: दात किडण्यासाठी एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात तोंडात येते हे जास्त महत्त्वाचं असतं. जेवणांच्या मधल्या वेळी पुन्हा पुन्हा गोड चघळणं सगळ्यात वाईट. पुढे तिथल्या आरोग्य यंत्रणेने सल्ला दिला, की गोड खायचंच तर आठवड्यातून एकदा खा.

‘‘आम्ही रोज एकच चॉकलेट देतो, जास्त नाही’’ असं सांगणाऱ्या पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं. रोजचं एक हे प्रमाणात वाटतं, पण दातांसाठी आणि सवयीसाठी आठवड्यातून एकदा मनसोक्त हे त्याहून चांगलं. म्हणून घरात एक वार ठरवा. शनिवार असो, रविवार असो, बाबांच्या सुट्टीचा वार असो. त्या दिवशी काय आणायचं किंवा करायचं ते मुलांनी आळीपाळीने सांगावं. जिलबी, आइस्क्रीम, मिसळ, पिझ्झा, काहीही. सगळ्यांनी एकत्र बसून खावं, आईनेही. आईने ‘‘मला नको, माझं डाएट आहे’’ म्हणत बाजूला उभं राहू नये. खाताना उष्मांक मोजू नका, ‘‘उद्या ग्राउंडला दोन चकरा जास्त हं’’ असं म्हणू नका. खाल्लेल्या आनंदाची वसुली करायची नसते.

तो पदार्थ घरी करता आला तर फारच छान. बटाटेवडे घरी करायचे तर बटाटे उकडा, सोला, फोडणी करा, पीठ भिजवा, तळा, आणि मग ओटा पुसा. हे कुणी रोज करत नाही. मेहनतच मर्यादा घालते. दिवाळीच्या फराळाचं हेच होतं. अनारशाचं पीठ करायला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. करंज्यांना चार बायका जमायच्या. वर्षातून एकदा व्हायचं ते म्हणूनच. आता चकली आणि शंकरपाळे बाराही महिने कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटात मिळतात आणि दिवाळीत मुलांना फराळाचं अप्रूप उरत नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. आपल्या वर्षात गोडाचे दिवस किती सुंदर पेरलेले आहेत! पाडव्याला श्रीखंड, आखाडात तळण, गणपतीत मोदक, संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी. प्रत्येकाचा दिवस ठरलेला आणि दिवस सरला की पदार्थही सरला. तेव्हा पाकिटातलं तळण बाकीचे महिने दुकानातच राहू द्या, आणि सणाच्या दिवशी हात आखडू नका. पुरणपोळीवर तूप घाला. कटाची आमटी ओरपू द्या. मोदक फोडून त्यात तुपाची धार सोडा. पुरण शिजवताना, कळ्या पाडताना मुलांना, मुलग्यांनाही, शेजारी बसवा.

आता सगळ्यात अवघड वेळ: संध्याकाळचे पाच. माझ्या मते घरातलं निम्मं अरबटचरबट या एका तासात खाल्लं जातं. डबा अर्धा परत आलेला असतो, मूल खरोखर भुकेलेलं असतं, आई ऑफिसातून यायची असते किंवा नुकतीच आलेली असते, आणि जेवणाला तीन तास असतात. अशा वेळी पाकीट फोडणं हा मुलाचा हट्ट नसतो, ती भूक असते. तिला खरं अन्न द्या. ‘मधलं काहीतरी’ न समजता ते छोटं जेवणच समजा. सकाळच्या पोळ्यांचा कांदा घालून फोडणीचा कुस्करा. दडपे पोहे. मुरमुरे भिजवून केलेली मराठवाड्यातली सुशीला. कोकणातलं घावन किंवा आंबोळी. भाजणी तयार असेल तर थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा. तांदळाची उकड. उकडलेलं अंडं किंवा रताळं. केळ्याचं शिकरण, त्यात साखर न घालता. पावसाळ्यात भाजलेलं कणीस, थंडीत हुरडा. काहीच नसेल तर शेंगदाणे आणि गुळाचा छोटा खडा. मात्र चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी कूट करा.

यासाठी रविवारी अर्धा तास काढावा लागतो: भाजणी दळून आणणं, कडधान्य भिजत घालणं, मुरमुरे भाजून भरून ठेवणं. हा अर्धा तास बाबांचा असावा अशी माझी मनापासूनची विनंती आहे. घराच्या आहाराची सारी जबाबदारी आईवर आणि वेफर्स आणून लाडका होण्याचा मान बाबांना, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. ती मुलांच्या लक्षात येते.

आजी-आजोबांशी भांडू नका. आजोबांच्या खिशातलं चॉकलेट हे प्रेम आहे, आणि त्यांना ते प्रेम दाखवायला दुसरा मार्ग ठाऊक नसतो. त्यांना ‘‘बाबा, देऊ नका’’ एवढंच सांगितलं तर ते चोरून देतील. त्याऐवजी ठरलेला वार त्यांच्याकडे सोपवा. ‘‘बाबा, शनिवारचा खाऊ तुम्ही आणायचा, नातवंडांना घेऊन जायचं आणि त्यांच्या आवडीचं आणायचं.’’ इतर दिवशी त्यांनी बोरं, पेरू, जांभळं, चिंचा आणाव्यात. पेरूच्या फोडीला मीठ-तिखट लावून आजोबांच्या हातून खाल्लेली चव मूल जन्मभर विसरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे सगळं वजनासाठी नाही. मुलाच्या शरीराबद्दल जेवताना बोलू नका. ‘जाडू’, ‘काडी’, ‘ताईसारखी बारीक हो’ हे शब्द घरात नकोत, पाहुण्यांच्याही तोंडी नकोत. कुणी म्हटलं तर मुलासमोरच शांतपणे थांबवा. आपल्या देशाचं चित्र दुहेरी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसलं, आणि त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे बारीक मुलाची आईही निर्धास्त राहू शकत नाही. बिस्किटांवर वाढणारं मूल बारीक असो की गुबगुबीत, त्याला लोह कमीच पडतं. पालेभाजी, कडधान्यं, अळीव, खात असाल तर मासे-मटण हे पानात हवं, त्यावर लिंबू पिळलेलं हवं, कारण लिंबामुळे लोह अंगी लागतं, आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण तो त्याच्या आड येतो.

मोठ्या मुलांच्या आईबाबांना वेगळं सांगते. तेरा-चौदा वर्षांचं मूल क्लासवरून येताना मित्रांबरोबर वडापाव, चायनीज भेळ खाणार. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं, शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत असाही नियम आहे, आणि हे सगळं चांगलंच आहे. पण क्लासच्या वाटेवर तुम्ही उभे राहू शकत नाही, राहूही नका. खिसे तपासू नका. त्याला पाकिटामागचं वाचायला शिकवा: १०० ग्रॅममागे साखर किती, मीठ किती, यादीत पहिलं नाव कशाचं आहे. ३०० मिलिलिटरच्या कोलात सहा-सात चमचे साखर असते हे त्याला एकदा वाटीत मोजून दाखवू द्या, तुम्ही नाही, त्यानेच मोजावं. या वयात तुमच्या हातात उरतं ते रात्रीचं जेवण. टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत, सगळे एका वेळी. तो बाहेर खाऊन आला आणि म्हणाला ‘भूक नाही’, तरी त्याला शेजारी बसायला बोलवा. ताकाची वाटी द्या, दिवसभरात काय झालं ते विचारा, आणि वडापाव कुठे खाल्ला, चांगला होता का, तेही विचारा.